माळ राहून जाते तेव्हा

प्रश्न: वसईत आमच्या घरी दिवेलागणीला सगळे मिळून रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, म्हणायचो. आता टोरांटोजवळ राहते, हॉस्पिटलात नर्स आहे. घरी दोन मुलं, शनिवारी चर्चचं अन्नवाटप. प्रार्थनेला बसले की डोळे मिटतात. फोनवर आई विचारते, "माळ म्हटलीस का गं?" आणि मला रडू येतं. नुसत्या कामातून देव भेटतो का?

ताई, भेटतो. तुमच्यासारखेच थकलेले लोक संतांच्या काळातही होते. 1551 सालच्या एका पत्रात संत इग्नेशियस लोयोलांनी आपल्या येशूसंघातल्या (जेझुइट धर्मसंघातल्या) शिकणाऱ्या तरुणांसाठी लांबलचक ध्यानाचा आग्रह धरला नाही. चालता-बोलताना, जेवताना, ऐकताना देवाला शोधा, असं सुचवलं. पण रोजची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि आत्मपरीक्षण त्यांनी सोडू दिलं नाही. मला ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. थोडी शांतता राखून ठेवली नाही, तर कामात देव दिसायचाही बंद होतो.

पॅरिसच्या कार्मेल मठातले ब्रदर लॉरेन्स पायाने अधू होते आणि स्वयंपाकघराचं काम त्यांना मुळीच आवडत नसे. तरी वर्षानुवर्षं तिथेच राबताना ते मनातल्या मनात देवाशी बोलत राहिले. हे त्यांना एका दिवसात जमलं नव्हतं.

आणि येशूला घरी बोलावून त्याच्या पाहुणचारात गुंतलेल्या मार्थाला आपण उगाच कमी लेखतो. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू तिच्या रांधण्याला नावं ठेवत नाही, तिची काळजी आणि दगदग तेवढी दाखवून देतो. भाऊ वारला तेव्हा पुढे धावत येऊन "तू ख्रिस्त आहेस" असं म्हणणारी हीच मार्था. 2021 पासून 29 जुलैला चर्च तिच्यासोबत बहीण मरिया आणि भाऊ लाजरस यांचाही सण साजरा करतं, याचा मला फार आनंद वाटतो.

आता तुमच्यापुरतं सांगते. शिफ्ट संपली की गाडी लगेच सुरू करू नका. पाच मिनिटं तशाच बसा. आजचा एक पेशंट डोळ्यांसमोर आणा, त्याच्यासाठी आभार माना. कुणावर चिडलात ते प्रभूला सांगा, उद्यासाठी बळ मागा. झोप लागली तर लागू द्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

रोझरी पूर्ण होत नसेल तर एकच रहस्य, म्हणजे माळेतला दहा मण्यांचा एक भाग, म्हणा, तेही आईबरोबर फोनवर. उन्हाळ्यात तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे वसईत सकाळचे सहा. आई तेव्हा उठलेली असेल, मुलांनाही जवळ बसवा.

अन्नवाटपाचं मात्र नीट तपासा. तिथून घरी आल्यावर मुलांवर आवाज चढत असेल, तर महिन्यातले दोन शनिवार दुसऱ्या कुणाला द्या. फादरांना मोकळेपणाने सांगा, ते समजून घेतील.