गव्हाच्या दाण्यात लोह आणि जस्त नेमके कुठे?

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गव्हाच्या दाण्यातले लोह पर्ल्स पद्धतीने (या रंगद्रावणात लोह निळे होते) रंगवून पाहिले, पण अख्खा काप निळसर झाला. काय चुकले असेल? जस्तासाठी काय वापरावे?

उत्तर : पहिला संशय पात्यावर घ्या. पोलादी पात्याचे सूक्ष्म कण कापावर राहतात आणि तेच निळे होतात. खात्रीसाठी त्याच पात्याने फिल्टर पेपर कापून रंगद्रावणात बुडवा. कडा निळी झाली तर दोष पात्याचा. सिरॅमिक पाते उत्तम. ते नसेल तर नवे स्टेनलेस पाते अल्कोहोलने पुसून घ्या.

दाणा तासभर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा आणि खाचेच्या रेषेत उभा कापा. पाते पिठूळ टोकाकडून भ्रूणाकडे न्या; उलट नेले तर भ्रूणातले लोह पिठूळ भागावर फासले जाते. पोटॅशियम फेरोसायनाइड २ टक्के आणि हायड्रोक्लोरिक आम्ल २ टक्के, दोन्ही वेगवेगळी करून आयत्या वेळी समप्रमाणात मिसळा. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. जास्त ठेवले की पार्श्वभूमीही निळी पडू लागते. हे मिश्रण कधीही तापवू नका, त्यात तीव्र आम्लही ओतू नका : विषारी हायड्रोजन सायनाइड निघू शकतो.

जस्तासाठी ५० मिलिग्रॅम डायथायझोन (धातूंशी जुळून रंग देणारे रसायन) १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवा, त्यात काप अर्धा तास ठेवून पाण्याने धुवा. लाल रंग येतो. द्रावण ताजे करा, उजेडापासून जपा आणि सगळे काम फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. डायथायझोन तांबे आणि शिसे यांच्याशीही रंग देते, हे ध्यानात असू द्या.

काप नीट साधला तर भ्रूण आणि कोंड्यालगतचा ॲल्यूरॉन थर गडद, मधला पिठूळ भाग जवळपास कोरा दिसेल. जस्ताचे प्रमाण पहिल्या दोन भागांत किलोला सुमारे १५० मिलिग्रॅम, तर पिठूळ भागात सुमारे १५ मिलिग्रॅम आढळले आहे. मैदा काढताना काय जाते, ते या एका कापात दिसते.

प्रश्न : रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढता येईल का?

उत्तर : नाही. त्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे क्ष-किरण पडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य जे आपले ठराविक किरण सोडते ते मोजून, नकाशा काढावा लागतो. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) ही सोय आहे. लोहासाठी किरणांची ऊर्जा ७.१ आणि जस्तासाठी ९.७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर हवी. याच नकाशात पोटॅशियमही पाहायचे असेल, तर त्याचा संकेत दुबळा असतो. हवा आणि जाड काप तो शोषून घेतात. म्हणून काप गोठवून पातळ काढा आणि गोठलेल्या स्थितीतच वाळवा. पाण्यात धुतलात, तर पोटॅशियम वाहून जाईल आणि नकाशा खोटा निघेल.