वाचक विचारतात : नी-ऑलेसुंडच्या पायाखालची जमीन

मागच्या अंकात नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ऑलेसुंड या गावाची ओळख करून दिली होती. उत्तर ध्रुवापासून जेमतेम १,२०० किलोमीटरवर, खाणीतल्या १९६२ च्या स्फोटानंतर कोळसा बंद झाला आणि गाव संशोधकांच्या हाती आलं. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथे २००८ पासून आहे. त्या लेखावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

तिथली घरं खांबांवर, जमीन गोठलेली. मग हवा थोडी तापली तर इमारती का कलतात? खांब आणखी खोल नेले की झालं! (सातारा)

खोल नेतातच, आणि खडक हाताला लागला तर प्रश्नच मिटतो. तो लागत नाही तेव्हा भार कोण पेलतं ते पाहा. गोठलेल्या मातीतला खांब टोकापेक्षा बाजूंच्या जोरावर उभा असतो. माती बर्फाने त्याला चिकटलेली असते. ही पकड तापमानाप्रमाणे बदलते. उणे ६ अंशांवरची माती उणे १ वर आली तरी ती गोठलेलीच, पण पकड बरीच सैल होते आणि खांब भाराखाली मुंगीच्या पावलांनी खचू लागतो. समुद्राची खारट चिकणमाती असेल तर आणखी पंचाईत, कारण मिठामुळे ती शून्याच्या खालीही अर्धवट ओली राहते.

दुसरी भानगड वरच्या थराची. दर उन्हाळ्यात वितळून हिवाळ्यात पुन्हा गोठणारा हा ‘सक्रिय थर’ गोठताना फुगतो आणि खांबाला वर ओढतो. तो जाड झाला की वर ओढणारी लांबी वाढते आणि खाली धरून ठेवणारी तेवढीच घटते. सगळे खांब सारखे उचलले गेले असते तर कुणाला कळलंही नसतं. एक वर आणि शेजारचा जागेवर, म्हणून चौकटी वाकतात, दारं अडकतात. जुने लाकडी खांब तर याच थरात कुजतात. गोठलेल्या भागात लाकूड वर्षानुवर्षं टिकतं; हवा आणि ओल दोन्ही मिळाली की खलास.

घराखालची मोकळी जागा शोभेसाठी नसते. हिवाळ्यातला वारा तिथून जमिनीतली उष्णता काढून नेतो. तिथे खोकी रचली किंवा हिम साचू दिलं की जमिनीवर दुलई पडते, वरून घराची ऊब झिरपते आणि बरोबर घराखालचीच माती मऊ होते. तेव्हा पाया खोल नेण्याआधी खालची अडगळ काढा, हा सल्ला स्वस्तही आहे आणि जास्त कामाचाही.

जमीन किती वितळली हे मोजतात कसं? आमच्या महाविद्यालयात त्यातलं काही करून पाहता येईल का? (पुणे)

सर्वांत साधं साधन म्हणजे बोटाएवढी जाड पोलादी सळई. उन्हाळा संपताना ती जमिनीत दाबायची, अडेल तिथे खूण करून लांबी मोजायची. आंतरराष्ट्रीय पद्धतीत १०० मीटर बाजूच्या चौरसात दर १० मीटरवर एक, अशा १२१ जागा घेतात. स्वालबार्डसारख्या दगडगोट्यांच्या जमिनीत ही सळई फसवते. दगडावर ती खणकन थांबते, गोठलेल्या मातीवर ठप्प. शंका आली की वीतभर सरकून पुन्हा. दगडच दगड असतील तर सळईचा नाद सोडून भोकात तापमापकांची माळ सोडावी. खोदकामाची उष्णता निघून जाईपर्यंत, म्हणजे काही आठवडे ते महिने, तिचे आकडे धरू नयेत.

तुमच्या प्रयोगशाळेत माळेतला एक थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे ज्याचा विद्युतरोध बदलतो असा तापमापक, शून्यावर तपासून पाहा. ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ बारीक ठेचून थर्मासात गच्च भरा आणि फटी भरतील एवढंच थंड ऊर्ध्वपातित पाणी घाला. इथे हमखास चूक होते: पाणी जास्त झालं की बर्फ तरंगतो आणि तळाशी ४ अंशांचं पाणी साचतं. थर्मिस्टर बर्फाच्या मधोमध ठेवून दहा मिनिटं थांबा. २५ अंशांना १० किलोओहम असणारा नेहमीचा थर्मिस्टर शून्याला साधारण २७ ते ३३ किलोओहम दाखवतो, आणि तिथे एका अंशाला सुमारे ५ टक्के फरक पडतो. त्यामुळे लांब तारेचे चार-पाच ओहम नगण्य ठरतात. प्रवाह मात्र क्षणभरच सोडा, नाहीतर थर्मिस्टर स्वतःच तापतो.

आलेख वाचताना एक गोष्ट पाहाच. शरद ऋतूत वरच्या थराचं तापमान आठवडेच्या आठवडे शून्यावर अडकून राहतं, कारण एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. यंत्र बिघडलं समजून ते आकडे फेकू नयेत.

स्वालबार्डची बियाण्यांची तिजोरी बुडाली म्हणतात. खरं? (डोंबिवली)

नाही. ती तिजोरी स्वालबार्डच्या लाँगयिअरब्येन या मुख्य गावाजवळ आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अवेळी पाऊस पडला, पाणी प्रवेशाच्या बोगद्यात शिरलं आणि तिथेच गोठलं. उणे १८ अंशांत ठेवलेल्या बियाण्यांपर्यंत ते पोचलंच नाही. बोगदा खणताना मोकळी झालेली जमीन पुन्हा गोठेल हा अंदाज चुकला होता. पुढे जलरोधक काँक्रीटच्या भिंतींचा नवा बोगदा बांधला आणि उष्णता सोडणारी विजेची उपकरणं बाहेर हलवली.

‘हिमाद्री’चं काम वास्कोहून चालतं, मग तिथली माहिती इथे थेट दिसते का? (वास्को)

काही दिसते, समुद्रातली नाही. जुलै २०१४ मध्ये गावालगतच्या काँग्सफ्योर्ड या खाडीच्या तळाशी, १९२ मीटर खोलीवर, भारताने ‘इंडआर्क’ नांगरलं. तळाला वजन, त्याला दोर, दोरावर तापमान, क्षारता आणि प्रवाह मोजणारी उपकरणं, वर तरंगक. मोजमापं उपकरणातच साठतात. काढायच्या वेळी बोटीतून ध्वनिसंकेत देतात, कडी सुटते आणि वजन तळाशीच ठेवून माळ वर येते. कडी अडकली तर वर्षाची मोजमापं पाण्यात, म्हणून अशा नांगरणीत जोडीने दोन कड्या लावण्याची रीत आहे. शिवाय खोलवरून येणारं अटलांटिकचं कोमट पाणी हाच इथला कळीचा मुद्दा असल्याने पृष्ठभागावर एक तापमापक सोडून भागत नाही.

आणि गावात वाय-फाय का नाही, हेही तुम्ही विचारलंय. तिथल्या रेडिओ दुर्बिणी अतिक्षीण संकेत टिपतात, म्हणून वीस किलोमीटरच्या परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झमधलं प्रक्षेपण परवानगीशिवाय करता येत नाही. ब्लूटूथही त्यातच आलं. भारतातून नेणार असाल ते उपकरण तारेने जोडता येतं का, हे सामान बांधायच्या आधीच पाहून घ्या.