आमदार विधानसभेत मंत्र्याला प्रश्न विचारतो, त्याने खरंच काही होतं का?

होतं, पण कोणत्या मार्गाने विचारलंय त्यावर बरंच अवलंबून आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि खरी मजा पुढच्या उपप्रश्नांत असते, कारण लेखी उत्तर खात्याने तयार करून दिलेलं असतं पण उपप्रश्नाला मंत्र्याचा अभ्यास उघडा पडतो. अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं, तिथे उलटतपासणी नाही. तातडीचं काही असेल, समजा पीकविम्याचे पैसे अडकलेत, तर लक्षवेधी सूचना, म्हणजे त्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधून सभागृहात उत्तर मागायचं.

अडचण अशी की 288 आमदार, प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यात गोंधळ होऊन कामकाज तहकूब झालं की तोही गेला, मग यादीतले बरेच प्रश्न तोंडी चर्चेला येतच नाहीत. आणि "चौकशी सुरू आहे", "कार्यवाही प्रगतीपथावर आहे" ही उत्तरं तर पाठच झालीयेत सगळ्यांना.

तरी मंत्री सभागृहात "करतो" म्हणाला तर ते रेकॉर्डवर जातं आणि ते पाळलं का हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे, त्यामुळे हुशार आमदार भाषण ठोकत बसत नाही, तारीख विचारतो.