हे देवाला सांगताय, की मला?

प्रश्न : ताई, जयख्रिस्त. आमच्या घरी रोज रात्री साडेनऊला कौटुंबिक प्रार्थना होते. मुलगा १७ वर्षांचा आहे. गेल्या वर्षीपर्यंत उपासनेत गिटार वाजवायचा, आता रविवारी चर्चला येतच नाही. घरच्या प्रार्थनेला बसतो, पण डोळे उघडे ठेवून. परवा ह्यांनी प्रार्थनेत म्हटलं, "प्रभू, वाया चाललेल्या ह्या लेकराला सुबुद्धी दे." तो मध्येच उठला. "बाबा, हे देवाला सांगताय, की मला?" असं म्हणून खोलीत निघून गेला. तेव्हापासून बापलेकांत अबोला आहे. ११ वर्षांची धाकटी विचारते, दादा नरकात जाणार का? मी काय करू?
– एक आई

उत्तर : जयख्रिस्त. तुमच्या मुलाचा प्रश्न उद्धट आहे, पण खोटा नाही. वाचताना मीच ओशाळले, कारण हा उद्योग मीही केलाय. आमची थोरली १९ वर्षांची होती. ती समोर बसलेली असताना मी तिच्या मैत्रिणी, तिचं उशिरा येणं, दाराची कडी किती वाजता वाजली, सगळं प्रभूपुढे मांडायचे. प्रभूला काय घड्याळ दाखवायचं होतं? टोमणा मारायचा होता, आणि डोळे मिटून मारलेल्या टोमण्याला उलट उत्तर देता येत नाही. त्यात मी पाळकांची बायको, शब्द तोंडात तयार.

मत्तयाच्या ६व्या अध्यायात प्रभू सांगतो, प्रार्थनेला खोलीत जा, दार लावून घे. देखावा करू नये म्हणून ते सांगितलंय. मला मात्र ते मुलीच्या बाबतीत कामी आलं. तिची काळजी दाराआड नेली आणि सगळ्यांसमोर तिच्याबद्दल फक्त आभार मानायचे ठरवलं. पहिल्या रात्री आभार मानण्यासारखं काही आठवेचना, सांगायला लाज वाटते. शेवटी, ती आजीचे पाय चेपून देते, ते आठवलं. ती चमकली. खरं तर मीही.

तुमच्या यजमानांना वचनं पाठ असतील. इफिसकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं हे सांगून झालं, की पौल लगेच बापांकडे वळतो : मुलांना चिरडीस आणू नका. आपण बहुधा पहिली तीन वचनं वाचतो आणि चौथ्याच्या आधी शास्त्र मिटतो. लूकच्या १५व्या अध्यायातल्या, घर सोडून सगळं उधळून परत आलेल्या मुलानं बापासाठी माफीचं भाषण जुळवून आणलेलं असतं. 'मला मोलकरी म्हणून ठेवा' हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही; बाप त्याआधीच चाकरांना झगा आणायला सांगतो. म्हणून अबोला बापानं मोडावा. "तू म्हणालास ते खरं होतं, माझं चुकलं," एवढंच. पुढे "पण तूही..." जोडायचं नाही.

साडेनऊला बसायची सक्तीही काढा. आणि गिटार का सुटली, हे त्याला कुणी विचारलंय का? तुमच्या पत्रात ते नाही. अशा वेळी देवापेक्षा चर्चच्या मंडळीतल्याच कुणाशी तरी बिनसलेलं असू शकतं.

पुढे मोठा संत झालेल्या ऑगस्टीनच्या आईचं, मोनिकाचं उदाहरण तुम्हाला आत्तापर्यंत चार जणांनी दिलं असेल. ती एका बिशपकडे हट्ट धरून बसली होती, माझ्या मुलाला समजवा म्हणून. त्यांनी साफ नकार दिला : त्याला असू दे, तू फक्त प्रार्थना कर. पुढे तो तिला फसवून रात्री जहाजानं निघून गेला, तेव्हाही ती प्रार्थनाच करत होती. त्याचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला, वयाच्या ३२व्या वर्षी. हे तुम्हाला धीर देतंय की घाबरवतंय, माझं मलाच कळत नाही. आमची थोरली अजून कधी उपासनेला येते, कधी येत नाही.

धाकटीला सांगा, तो निकाल आपल्या घरात लागत नसतो. दादासाठी तिला काय मागावंसं वाटतं, ते तिलाच मागू द्या. आमच्या धाकट्यानं एकदा भर प्रार्थनेत ताईसाठी सायकल मागितली, मागच्या सीटसकट, म्हणजे त्याला बसता येईल. थोरली कित्येक महिन्यांनी खळखळून हसली. त्या रात्री आमेन म्हणायचं राहूनच गेलं.