एच-वन-बीवर टेक्ससमध्ये शिकार: सहा महिन्यांचा नियम आणि डुकराचा घोळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा समजलो: मेच्या मध्यात पुण्याहून ऑस्टिनला आलात, व्हिसा एच-वन-बी. टीममधले लोक सप्टेंबरात होले मारायला आणि पुढे थंडीत रानडुकरांच्या मागे चला म्हणताहेत. बंदूक त्यांचीच वापरायची. रहिवासी दराने लायसन्स मिळेल का, आणि डुकरासाठी लायसन्स लागतच नाही हे खरं का?

डुकराचं खरं आहे. आणि इथेच घोडं पेंड खातं.

टेक्ससमध्ये रानडुकरांनी शेतीचं इतकं नुकसान केलंय की १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाची संमती असेल तर, डुक्कर मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. तुमचे सहकारी अमेरिकन नागरिक आहेत, त्यांच्यापुरतं ते बरोबर सांगतात. तुमचं तसं नाही. १९९८ साली केंद्राच्या बंदूक कायद्यात, म्हणजे कलम ९२२ मध्ये, एक भर पडली: जो परदेशी माणूस नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर आत आला आहे, त्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायची नाहीत. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन सगळे त्यात आले. ग्रीन कार्डवाले नाहीत. या बंदीला मोजके अपवाद आहेत आणि आपल्यासारख्यांच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स जवळ असणं.

म्हणजे राज्य म्हणतं डुकरासाठी लायसन्स नको, आणि केंद्र म्हणतं लायसन्स नसेल तर बंदुकीला हात लावू नकोस. नागरिक मित्राच्या शेजारी उभं राहून, त्याचीच रायफल, त्याच डुकरावर रोखलीत तर तो कायद्यात आणि तुम्ही गुन्ह्यात. शिक्षा १५ वर्षांपर्यंत (२०२२ पूर्वी १० होती), आणि बंदुकीच्या गुन्ह्यावर देशाबाहेर काढण्याची तरतूद वेगळीच. 'बंदूक माझी नव्हती, पाच मिनिटंच धरली होती' हा बचाव नाही. कायदा मालकी बघत नाही, ताबा बघतो. नेमबाजीच्या सरावाच्या जागी, म्हणजे रेंजवर, भाड्याने घेतलेलं पिस्तूलही त्यात येतं. वीकेंडला मजा म्हणून रेंजवर जाणारी आपली पोरं हे वाचतील तर बरं.

रेंजवरून आठवलं. २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा रेहाईफ खटला नेमका तिथून सुरू झाला होता. अमिरातीचा विद्यार्थी, फ्लोरिडात शिकायला आलेला. मार्क पडले नाहीत म्हणून विद्यापीठाने काढून टाकलं, तरी तो राहिला आणि एका रेंजवर दोन बंदुका चालवून आला. सुप्रीम कोर्टात निकाल त्याच्या बाजूने लागला, पण एवढ्याच मुद्द्यावर की आपलं स्टेटस, म्हणजे देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा, गेलंय हे त्याला ठाऊक होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. एच-वन-बीवाल्याला हे लागू कसं? ले-ऑफ झाला की जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत. ती संपली आणि दुसरं काही दाखल केलेलं नसलं की तुम्ही बेकायदा राहणारे ठरता, आणि त्या गटाला लायसन्सचा अपवाद नाही. बंदूक विकत घेतलेली असेल तर त्याआधीच दुकानात विकून मोकळे व्हा.

आता सहा महिन्यांचा मुद्दा. शिकारीच्या लायसन्ससाठी टेक्सस तुमचा व्हिसा विचारत नाही. अर्जाच्या लगेच आधी सलग सहा महिन्यांहून जास्त टेक्ससमध्ये राहिलेला माणूस रहिवासी. आल्या आल्या काढलेलं ड्रायव्हिंग लायसन्स म्हणजे सहा महिने झाल्याचा पुरावा नव्हे. लागलंच तर विजेची बिलं, पगाराच्या पावत्या असं काही दाखवता यावं. तुमच्या हिशोबाने नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तुम्ही रहिवासी व्हाल आणि लायसन्स २५ डॉलरला मिळेल. तोवर बाहेरचे, आणि बाहेरच्यांचं सर्वसाधारण लायसन्स ३१५ डॉलर. ऑस्टिनचा पत्ता दाखवून सप्टेंबरातच रहिवासी दराने घेणारे असतात. दुकानातला पोरगा फारसं विचारत नाही, हेही खरं. पण उद्या ज्या कागदाच्या जोरावर तुम्ही बंदूक धरणार तोच खोट्या माहितीवर काढलेला असला तर काय उपयोग?

सप्टेंबरातल्या होल्यांसाठी मधला रस्ता आहे. बाहेरच्यांसाठी सलग पाच दिवसांचं ४८ डॉलरचं लायसन्स मिळतं, त्यात टर्की सोडून बाकीचे शिकारीचे पक्षी येतात. वर स्थलांतरी पक्ष्यांचा ७ डॉलरचा शिक्का घ्या. हरीण मात्र यात नाही. आणि पाच दिवस संपले की तुमचा केंद्राचा अपवादही संपला, सहाव्या दिवशी रेंज नाही.

वार्षिक लायसन्सचंही तेच. ते कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतं. पहिल्या वर्षानंतर हौस म्हणून शॉटगन घेतलीत, कपाटात ठेवलीत आणि लायसन्सचं विसरलात, तर १ सप्टेंबरच्या सकाळी घरात बसल्या बसल्या तुम्ही बेकायदा बंदूक बाळगताय. नवीन वर्षाचं लायसन्स ऑगस्टच्या मध्यापासून मिळायला लागतं, तेव्हाच घ्या. शिकारीला जा वा जाऊ नका, बंदूक घरात आहे तोवर दरसाल.

हंटर एज्युकेशन, म्हणजे शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स, चुकवता येणार नाही. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लागतं. १७ पूर्ण असेल तर सगळं ऑनलाइन होतं. १० डॉलर भरून एकदाच सवलतही मिळते, पण मग कोर्स केलेला किंवा वयामुळे त्यातून सुटलेला, लायसन्सवाला, १७ पूर्ण झालेला शिकारी हाकेच्या अंतरावर हवा. माझं मत विचाराल तर कोर्सच करा. आपल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात बंदूक धरलेली नसते. कुंपण ओलांडताना ती कोणाच्या हातात द्यायची हे तिथेच कळतं.

तीरकामठ्याला, म्हणजे बो किंवा क्रॉसबोला, केंद्राचा हा कायदा लागू नाही. स्टेटसची धाकधूक असेल तर तो मार्ग चांगला. राज्याचे लायसन्सचे नियम अर्थात तिथेही आहेतच.

हरीण मिळालंच तर लायसन्सला जोडलेला टॅग तिथल्या तिथे लावायचा. त्यावरचा महिना आणि तारीख चाकूने कापून काढायची असते, पेनने गोल करून चालत नाही. शिकार कुठल्या जागी आणि कुठल्या काउंटीत झाली ते शाईने लिहायचं. सार्वजनिक शिकारक्षेत्रात गेलात तर अंगावर किमान ४०० चौरस इंच भडक केशरी आणि डोक्यावर केशरी टोपी हवी. खासगी रँचवर सक्ती नाही, मी तरी घालतो.

राज्य बदललंत तर हिशोब पुन्हा पहिल्यापासून. रहिवासी ठरायला मोंटानात १८० दिवस, अलास्कात १२ महिने. अलास्कात तर 'नॉन-रेसिडेंट एलियन' ठरणाऱ्या परदेशी माणसाला मोठ्या जनावरासाठी गाइड घ्यावाच लागतो. इलिनॉय आणि न्यू जर्सीतल्या मंडळींना बंदुकीसाठी राज्याचं वेगळं ओळखपत्र लागतं, ते आधी बघा.

शेवटचं, कारण तुमचे मित्र तुम्हाला दक्षिण टेक्ससमध्ये नेणारच. तिथे नीलगाय आहे, आपल्या विदर्भातली रोही तीच. तिथल्या किंग रँच नावाच्या मोठ्या रँचने गेल्या शतकात आणून सोडलेली. मध्य टेक्ससच्या डोंगराळ भागात, म्हणजे हिल कंट्रीत, चितळ आणि काळवीट. हे सगळे इथे 'एक्झॉटिक', म्हणजे बाहेरून आणलेले, त्यांना बंद हंगाम नाही, लायसन्स मात्र लागतं. भारतात काळवीट वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधलं, म्हणून इथे कायदेशीर मारलेल्याची शिंगं हौसेने पुण्याला न्यायचा विचार असेल तर तो सोडा. वन्यप्राण्यांचे अवयव भारतात आणायला बंदी आहे, आणि टेक्ससची पावती दाखवून मुंबई विमानतळावरचा कस्टम्सवाला ऐकणार नाही. मांसाचंही तेच: फ्रीजर भरा, शेजाऱ्यांना वाटा, बॅगेत घालू नका.