मेनफ्रेमवरील वर्कलोड व्यवस्थापन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मेनफ्रेमवरील कामांचा वेग कसा मोजावा, तो का मंदावतो आणि झेड/ओएस या आयबीएमच्या मेनफ्रेम कार्यप्रणालीतील वर्कलोड मॅनेजर, म्हणजेच ठरवून दिलेल्या उद्दिष्टांनुसार (गोल) कामांना सीपीयूसारखी साधने वाटून देणारा डब्ल्यूएलएम, त्याबाबत काय करू शकतो, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे लांब होती. त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी सहा वर्षे कोबॉल आणि जेसीएलवर (जॉब चालवण्याच्या सूचनांची भाषा) काम करीत आहे. आता परफॉर्मन्स ट्यूनिंगकडे वळायचे आहे, परंतु सिस्टीम प्रोग्रामिंगचा अनुभव नाही. सुरुवात कोठून करावी, आणि स्वतंत्रपणे सराव करण्याची काही सोय आहे का?

उत्तर : डब्ल्यूएलएमच्या पॅनेलपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. आपण स्वतः लिहिलेला आणि रोज चालणारा एखादा बॅच जॉब घ्यावा आणि त्याचा वेळ कोठे जातो, एवढा एकच प्रश्न धरून बसावे. जॉबला एकूण ४० मिनिटे लागत असतील आणि त्यांपैकी सीपीयूचा वेळ ३ मिनिटे असेल, तर उरलेली ३७ मिनिटे तो कशाची तरी वाट पाहत होता. ती वाट डिस्कची होती, दुसऱ्या जॉबने अडवून ठेवलेल्या डेटासेटची (मेनफ्रेमवरील फाइलीची) होती, डीबीटू या डेटाबेसमधील लॉकची होती की सीपीयूच्या रांगेची होती, हे सांगता येऊ लागले की ट्यूनिंगचा निम्मा अभ्यास झाला असे समजावे. कोबॉल प्रोग्रामरला येथे एक फायदाही असतो, कारण जॉब आतून काय करतो हे त्याला ठाऊक असते आणि अनेक सिस्टीम प्रोग्रामरांना ते ठाऊक नसते.

मोजमापाची साधने बहुतेक झेड/ओएस सिस्टीमांमध्ये असतात. एसएमएफ या सिस्टीमच्या नोंदवहीतील ३० क्रमांकाच्या रेकॉर्डमध्ये प्रत्येक जॉबचा आणि स्टेपचा हिशेब असतो, तर आरएमएफ हे मोजमापाचे साधन ७० ते ७९ या क्रमांकांची रेकॉर्डे लिहिते. त्यांपैकी ७० मध्ये सीपीयू, ७२ मध्ये वर्कलोड आणि ७४ मध्ये डिस्कसारख्या उपकरणांचा तपशील येतो, आणि नवशिक्याने आधी हीच तीन ओळखीची करून घ्यावीत. चालू क्षणी कोणते काम कशासाठी अडले आहे हे आरएमएफच्या मॉनिटर ३ मध्ये दिसते. दररोज एकाच तासाचा तोच अहवाल वाचण्याची सवय लावली, तर काही आठवड्यांत नेहमीचे आकडे पाठ होतात आणि वेगळा आकडा आपोआप डोळ्यांत भरतो.

जुनी टिपणे वाचताना एका गोष्टीचे भान ठेवावे. १९९४ मध्ये झेड/ओएसची पूर्वज असलेल्या एमव्हीएस/ईएसए ५.१ बरोबर डब्ल्यूएलएम आला. त्याआधी कोणत्या कामाला किती प्राधान्य द्यायचे याचे आकडे तज्ज्ञ मंडळी हाताने ठरवीत असत. ती जुनी पद्धत पुढे काही वर्षे सोबतीला राहिली आणि झेड/ओएस १.३ मध्ये काढून टाकली गेली. त्यामुळे त्या पद्धतीतील परफॉर्मन्स ग्रुपविषयीचे लेखन इतिहास म्हणून वाचावे; आजच्या सिस्टीमवर ते लागू होत नाही.

सरावासाठी आयबीएमचे झेड एक्सप्लोर हे विनामूल्य व्यासपीठ आहे. तेथे खऱ्या झेड/ओएसवर लॉगिन मिळते, मात्र शिकाऊ वापरकर्त्याच्या हाती सर्व्हिस पॉलिसी (डब्ल्यूएलएमचे गोल ठरवणारी नियमावली) बदलण्याचा अधिकार नसतो. हर्क्युलिस या एम्युलेटरवर एमव्हीएस ३.८ चालवता येते आणि जेसीएल, डेटासेट व ऑपरेटर कमांड शिकण्यास ते उत्तम आहे. परंतु ती प्रणाली डब्ल्यूएलएमच्या कितीतरी आधीची असल्याने या विषयापुरता तिचा उपयोग मर्यादित राहतो.

प्रश्न : आमच्या मशीनचा सीपीयू वापर दुपारभर १०० टक्के असतो. व्यवस्थापनाला ते धोक्याचे वाटते. ते खरे आहे का?

उत्तर : केवळ त्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. मेनफ्रेम भरगच्च चालावा अशाच हिशेबाने बनवलेला असतो. मशीन पूर्ण भरलेले असताना कोणाला थांबावे लागते, हे पाहावे. इम्पॉर्टन्स (महत्त्वाचा क्रम; १ सर्वांत वरचा) १ आणि २ मधील कामे आपापले गोल पाळत असतील आणि ताण फक्त डिस्क्रिशनरी, म्हणजे गोल नसलेल्या, कामांवर पडत असेल, तर डब्ल्यूएलएम आपले काम चोख करीत आहे.

खर्चाचा मुद्दा मात्र निराळा आहे आणि वेगाच्या चर्चेत तो मिसळू नये. सब-कपॅसिटी पद्धतीच्या करारांत सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क एमएसयूच्या (वापरलेल्या सीपीयूक्षमतेचे एकक) चार तासांच्या सरत्या सरासरीच्या त्या महिन्यातील कमाल पातळीवर अवलंबून असते. ती पातळी रोखण्यासाठी एलपारला (मशीनच्या एका विभागाला) डिफाइन्ड कपॅसिटी, म्हणजे वापराची मर्यादा, लावलेली असेल, तर सरासरी तिच्यावर गेल्यावर कॅपिंग सुरू होते आणि मशीनमध्ये जागा शिल्लक असूनही कामे रखडतात. असे घडत असेल तर व्यवस्थापनाची चिंता रास्त आहे. फक्त तिचे कारण १०० टक्के हे नाही.

प्रश्न : रात्रीच्या बॅचच्या सर्व्हिस क्लासला (समान गोल असलेल्या कामांचा गट) इम्पॉर्टन्स ३ आणि व्हेलॉसिटी ६० असा गोल दिला आहे. परफॉर्मन्स इंडेक्स सातत्याने २ येतो आणि बॅच सकाळपर्यंत लांबते. इम्पॉर्टन्स १ करावा, असा आग्रह होत आहे. सोबत वर्कलोड अहवालातील आकडे आणि सर्वांत लांब चालणाऱ्या जॉबचे जेसीएल जोडले आहे.

उत्तर : आकडे जोडल्याबद्दल आभार, बहुतेक पत्रांत ते नसतात. आपल्या अहवालातील सॅम्पलांचे (ठरावीक अंतराने टिपलेल्या कामांच्या अवस्थांचे) आकडे घेतले तर चित्र असे दिसते : यूजिंग (काम चालू असताना दिसलेली सॅम्पले) २४०, सीपीयूसाठी डिले (वाट पाहताना दिसलेली) ६०, आय/ओसाठी डिले ५००. व्हेलॉसिटी काढताना यूजिंग सॅम्पलांना यूजिंग आणि डिले यांच्या बेरजेने भागतात आणि १०० ने गुणतात. येथे २४० भागिले ८००, म्हणजे व्हेलॉसिटी ३० येते. व्हेलॉसिटी गोलचा परफॉर्मन्स इंडेक्स म्हणजे ठरवलेली व्हेलॉसिटी भागिले प्रत्यक्ष मिळालेली, म्हणून ६० भागिले ३० बरोबर २. १ पेक्षा मोठा इंडेक्स म्हणजे गोल हुकला. रिस्पॉन्स टाइमच्या गोलसाठी हाच भागाकार उलटा होतो, आणि नवशिके तेथे हमखास गोंधळतात.

आता इम्पॉर्टन्स १ केला आणि सीपीयूसाठीची वाट पूर्णपणे संपली, असे गृहीत धरू. डिले ५०० उरतात. २४० भागिले ७४० केले तर व्हेलॉसिटी जेमतेम ३२ होते. म्हणजे ऑनलाइन कामांच्या बरोबरीला बॅच आणून बसवायची, त्यांच्यात स्पर्धा लावून द्यायची आणि पदरात पडणार दोन अंक! इम्पॉर्टन्स वाढवल्याने आय/ओचे प्राधान्यही वाढेल, असा युक्तिवाद होऊ शकतो. परंतु आपल्याच पत्रानुसार एका व्हॉल्यूमवर (डिस्कवर) एकमेकांना अडवणारे सर्व जॉब याच सर्व्हिस क्लासमधील आहेत, आणि एकाच क्लासच्या कामांना आपसांत प्राधान्य देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

खरे दुखणे जेसीएलमध्ये आहे. मुख्य आउटपुट डेटासेटची रेकॉर्ड लांबी ८० बाइट आहे आणि ब्लॉकसाइझही (एका ब्लॉकचा, म्हणजे डिस्कवर एकत्र लिहिल्या जाणाऱ्या भागाचा आकार) ८० लिहिलेला आहे. अशा डेटासेटमध्ये १० लाख रेकॉर्डांसाठी १० लाख ब्लॉक लिहावे लागतात. ३३९० डिस्कवर अर्ध्या ट्रॅकच्या हिशेबाने ब्लॉकसाइझ २७,९२० ठेवला, तर एका ब्लॉकमध्ये ३४९ रेकॉर्डे मावतात आणि तेवढेच काम २,८६६ ब्लॉकांत होते. हा आकडा पाठ करण्याचीही गरज नाही. ब्लॉकसाइझ ० लिहिला किंवा मुळीच लिहिला नाही, तर योग्य आकार सिस्टीम स्वतः ठरवते. मात्र कोबॉल प्रोग्राममधील फाइलच्या वर्णनात ब्लॉक कंटेन्स झीरो रेकॉर्ड्स हे कलम आहे का ते पाहावे, कारण ते नसेल तर प्रोग्राम एका रेकॉर्डचा एक ब्लॉक असेच धरून चालतो आणि जेसीएल सुधारूनही उपयोग होत नाही.

पुढची तपासणी व्हीसॅम पद्धतीने साठवलेल्या फाइलींची करावी. बफरांची (वाचलेला डेटा ठेवण्याच्या मेमरीतील जागांची) संख्या दिलेली नसेल तर डेटासाठी दोन आणि इंडेक्ससाठी एक एवढेच बफर मिळतात. ओळीने वाचल्या जाणाऱ्या फाइलीला डेटाचे बफर वाढवून, आणि किल्लीने उड्या मारत वाचल्या जाणाऱ्या फाइलीला इंडेक्सचे बफर वाढवून, मोठा फरक पडतो. एका वेळी एकच बदल करावा आणि तुलना तशाच रात्रीशी करावी. महिनाअखेरची रात्र मधल्या आठवड्यातील रात्रीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

हे सर्व झाल्यावर ६० हा गोलही पुन्हा तपासावा. हा आकडा कोणी आणि कशाच्या आधारे ठरवला, याची नोंद आपल्याकडे दिसत नाही. बॅच वेळेत संपते त्या रात्री प्रत्यक्ष व्हेलॉसिटी किती होती हे पाहून गोल ठरवणे शहाणपणाचे असते. शिवाय प्रोसेसरांची संख्या किंवा वेग बदलला की तीच कामे वेगळी व्हेलॉसिटी दाखवू लागतात, म्हणून हार्डवेअर बदलल्यावर व्हेलॉसिटीचे सर्व गोल नव्याने मोजावे लागतात.

प्रश्न : बाहेरील ॲप्लिकेशनमधून डीबीटूकडे येणाऱ्या क्वेरी रात्री सेकंदात संपतात आणि दुपारी मिनिटे घेतात. डीबीटूच्या डिस्ट ॲड्रेस स्पेसला (बाहेरून येणारी कामे स्वीकारणारा भाग) आम्ही वरचा गोल दिलेला आहे. तरीही असे का?

उत्तर : कारण त्या क्वेरी डिस्टच्या गोलवर चालत नाहीत. बाहेरून आलेले असे प्रत्येक काम स्वतंत्र एन्क्लेव्हमध्ये (डब्ल्यूएलएम वेगळे हाताळतो असे कामाचे एकक) चालते आणि त्याचे वर्गीकरण डब्ल्यूएलएममधील डीडीएफ, म्हणजे डीबीटूकडे बाहेरून येणाऱ्या कामांच्या, सबसिस्टीमच्या नियमांनुसार होते. तेथे नियमच लिहिलेले नसतील, तर ते काम सिसअदर या क्लासमध्ये पडते, जो डिस्क्रिशनरी असतो, म्हणजे सर्वांचे भागल्यावर उरेल तेवढाच सीपीयू त्याला मिळतो. रात्री भरपूर उरतो, दुपारी काहीच उरत नाही. आपले लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते. एसडीएसएफ या सिस्टीम पाहण्याच्या साधनाच्या ईएनसी पॅनेलवर एन्क्लेव्हांची यादी येते. तेथे सर्व्हिस क्लासच्या रकान्यात सिसअदर दिसले, की निदान पक्के झाले.

उपाय म्हणून डीडीएफसाठी नियम लिहावेत आणि सर्व्हिस क्लासला दोन-तीन पीरियड (क्रमाने येणारे टप्पे, प्रत्येकाचा स्वतंत्र गोल) द्यावेत, म्हणजे छोट्या क्वेरी पहिल्या पीरियडमध्येच संपतील आणि लांबलेल्या क्वेरी खालच्या गोलवर घसरतील. पहिल्या पीरियडसाठी सरासरीचा नव्हे, तर टक्केवारीचा गोल घ्यावा. दहांपैकी नऊ क्वेरी ०.२ सेकंदात संपल्या आणि एक २० सेकंद चालली, तर सरासरी २.१८ सेकंद निघते आणि ती त्या दहांपैकी एकीचेही वर्णन करीत नाही. ‘९० टक्के कामे ०.३ सेकंदात’ हा गोल मात्र तेव्हाही पाळला गेलेला असतो.

डेटा बदलणाऱ्या क्वेरींना शेवटच्या पीरियडमध्येही डिस्क्रिशनरीवर टाकू नये. लॉक धरून बसलेल्या कामालाच सीपीयू मिळेनासा झाला, तर त्या लॉकसाठी खोळंबलेले सीआयसीएस या ऑनलाइन व्यवहारांच्या प्रणालीचे व्यवहार वरच्या गोलवर असूनही हलत नाहीत. अशा अडकलेल्या कामांना अधूनमधून थोडा सीपीयू देण्याची सोय झेड/ओएसमध्ये आहे, पण तिच्या भरवशावर रचना करणे योग्य नाही. डिस्टचा वरचा गोल आहे तसाच राहू द्यावा. तोही आवश्यक आहे.

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक ॲप्लिकेशनचा प्रमुख स्वतःसाठी वेगळा सर्व्हिस क्लास मागतो. किती क्लास असणे योग्य?

उत्तर : एका वेळी सक्रिय असणारे, गोल असलेले पीरियड साधारण २५ ते ३० च्या आत ठेवावेत, असा रूढ सल्ला आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. डब्ल्यूएलएम दर पाव सेकंदाला कामांच्या अवस्थेची सॅम्पले घेतो आणि दर १० सेकंदांनी धोरणाचा फेरविचार करतो. प्रत्येक फेरीत तो मदतीसाठी एकच पीरियड निवडतो. गोल हुकलेल्यांची यादी जितकी लांब, तितका शेवटच्याचा नंबर लागायला उशीर होतो. त्यातच काम फार बारीक गटांत विभागले, तर एकेका क्लासमध्ये निर्णय घेण्याइतकी सॅम्पलेच जमत नाहीत.

बहुतेक प्रमुखांना वेगळा गोल नको असतो, त्यांना आपल्या ॲप्लिकेशनचे वेगळे आकडे हवे असतात. त्यासाठी रिपोर्ट क्लास आहेत. वर्गीकरणाच्या त्याच नियमात सर्व्हिस क्लासशेजारी रिपोर्ट क्लासचे नाव लिहिले, की आरएमएफच्या अहवालात त्या ॲप्लिकेशनचा सीपीयू वापर आणि रिस्पॉन्स टाइम स्वतंत्रपणे येतो, आणि डब्ल्यूएलएमच्या निर्णयांवर त्याचा काहीही भार पडत नाही. वेगळा सर्व्हिस क्लास तेव्हाच द्यावा, जेव्हा टंचाईच्या वेळी त्या ॲप्लिकेशनला इतरांच्या पुढे किंवा मागे ठेवायचे आहे हे मागणाऱ्याला, आणि ज्यांना मागे राहावे लागेल त्यांनाही, लेखी मान्य असेल.