निसर्गोपचार आणि आहारोपचार: एकच की वेगळे?

तुम्ही विचारलंय की निसर्गोपचार आणि आहारोपचार कुठून आले, त्यांची तत्त्वं कोणती आणि दोन्ही एकच आहेत का. मी आहारतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न मला रुग्णांचे नातेवाईक सतत विचारतात. आज दोन्ही एकाच पाटीखाली दिसतात, पण एक श्रद्धेतून उभा राहिला आणि दुसरा प्रयोगातून.

आधी निसर्गोपचार. मध्य युरोपात, सिलेशिया प्रांतातल्या ग्रेफेनबर्ग या डोंगरी गावात व्हिन्सेंट प्रीसनिट्झ (१७९९–१८५१) नावाचा शेतकरी होता. अपघातात बरगड्या मोडल्या तेव्हा त्याने ओल्या पट्ट्या बांधल्या, भरपूर पाणी प्यायला आणि बरा झाला. मग लांबलांबून लोक त्याच्याकडे येऊ लागले. तेव्हाचे डॉक्टर शिरा कापून रक्त काढत, पारा देत. त्यापुढे थंड पाणी, मोकळी हवा आणि साधं जेवण देणारा माणूस निदान इजा तरी करत नव्हता, हे विसरू नये.

पुढे जर्मनीच्या बव्हेरियातला धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप. विद्यार्थीदशेत क्षयाने खंगलेला असताना तो ऐन थंडीत डॅन्यूब नदीत डुबक्या मारायचा, आणि जगला. त्याने पाण्याला वनस्पती, व्यायाम, आहार आणि नियमित दिनचर्येची जोड दिली. त्याचा अनुयायी बेनेडिक्ट लुस्ट हे सगळं अमेरिकेत घेऊन गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली. ‘नॅचरोपॅथी’ हा शब्द मात्र त्याचा नाही. तो १८९५ मध्ये जॉन शील याने घडवला आणि लुस्टने त्याच्याकडून घेतला.

तत्त्वं साधारण सहा सांगतात: शरीरात बरं होण्याची शक्ती असते, लक्षणापेक्षा कारण शोधा, इजा करू नका, माणसाचा समग्र विचार करा, रोग होण्याआधी टाळा, आणि वैद्याने शिकवावं. शेवटचं मला सगळ्यात प्रिय आहे. रुग्णाला त्याच्या आजाराबद्दल नीट समजावून सांगायला बसणारा माणूस कुठल्याही उपचारपद्धतीत दुर्मीळच.

अडचण पहिल्या तत्त्वात आहे. कापलेलं बोट भरून येतं, सर्दी जाते, हे खरं. पण टाइप १ मधुमेहात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. तिथे शरीराच्या वाटेतले अडथळे दूर करून काय होणार? अमेरिकेतला निसर्गोपचारक हेन्री लिंडलार याने तर तीव्र आजार म्हणजे शरीराची स्वतःला स्वच्छ करण्याची धडपड, असं मांडलं. त्यातून एक घातक सवय आली: उपचारानंतर त्रास वाढला, तर तोच उपचार लागू पडल्याचा पुरावा मानायचा. माझ्याकडे मूत्रपिंडं कमकुवत असलेले एक गृहस्थ आले होते. दहा दिवस फक्त फळांचे रस घेत होते. हातापायांतली ताकद गेली, तेव्हा ‘शुद्धी चालू आहे, घाबरू नका’ असं त्यांना सांगितलं गेलं. प्रत्यक्षात रक्तातलं पोटॅशियम चढलं होतं आणि तातडीने डायलिसिस करावं लागलं. ते वाचले, पण ‘शुद्धी’ हा शब्द ऐकला की मला अजूनही राग येतो.

आहारोपचाराची गोष्ट वेगळी. १७४७ मध्ये जहाजावरचा डॉक्टर जेम्स लिंड याने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा, हिरड्यांतून रक्त येणारा आजार) झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेले दोघे सगळ्यांत लवकर सुधारले. तरी ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास सुरू व्हायला १७९५ उजाडलं. लिंड आदल्याच वर्षी वारला होता. मधल्या काळात त्याने स्वतः रस आटवून टिकवण्याची युक्ती सुचवली होती, आणि त्या आटवण्यातच क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट व्हायचं.

जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरच्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा (नसा आणि हृदय दुबळं करणारा) आजार झाला. या कोंबड्या रुग्णालयातला शिजवलेला पांढरा भात खात होत्या. नव्या आचाऱ्याने तो द्यायला नकार दिला, कोंड्यासकट तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या! आइकमनला आधी वाटलं की पांढऱ्या तांदळात विष असावं. त्याचा सहकारी खेरिट ग्रेन्स याने १९०१ मध्ये ओळखलं की काहीतरी कमी पडतंय. हा उलटा विचार फार मोठा आहे: जे खाल्लं त्यानेच नव्हे, जे खाल्लं नाही त्यानेही माणूस आजारी पडतो.

म्हणून काही आजारांत आहार हाच उपचार असतो. सीलिॲक या आतड्याच्या आजारात ग्लूटेन (गव्हातलं एक प्रथिन) बंद करणं, फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्या बाळाला फिनाइलॲलनिन हा प्रथिनांतला घटक मोजून देणं. औषधांना न जुमानणाऱ्या फिट्ससाठी कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय पदार्थ) १९२१ पासून वापरात आहे.

पण ‘कमी पडल्यास द्या’वरून ‘जास्त दिलं की जास्त फायदा’वर उडी मारली की घात होतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला: बीटा-कॅरोटीनच्या (गाजरातल्या, शरीरात अ जीवनसत्त्व बनणाऱ्या घटकाच्या) गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

तेव्हा ‘निसर्गोपचार चांगला की वाईट’ असं घाऊक विचारू नका. कुठला उपाय, कुठल्या आजाराला, कुणावर तपासलेला, असं विचारा. चालणं, झोप, भाज्या, डाळी यांसाठी कुणाची परवानगी लागत नाही. मात्र इन्शुलिन किंवा वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर उपास, रसाहार आणि मोठ्या मात्रेतल्या गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि त्रास वाढला, तर त्याच दिवशी दाखवा.